प्लग काढला तरी दिवा चालू कसा?

मुलांनो, आज घरी एक सोपा प्रयोग करा. लॅपटॉपचा असा चार्जर शोधा, ज्याच्या ठोकळ्यावर छोटासा दिवा आहे. तो भिंतीत लावा, पण त्याचे दुसरे टोक लॅपटॉपला जोडू नका. दिवा लागला? आता प्लग भिंतीतून काढा आणि लगेच मोठ्याने मराठीत आकडे म्हणायला लागा. एक, दोन, तीन, चार... बहुतेक चार्जरचा दिवा लगेच विझत नाही. कुणाचा पाचपर्यंत टिकेल, कुणाचा पंधरापर्यंत. (ज्यांचा एकोणतीस-एकोणचाळीसमध्ये घोळ होतो त्यांनी जास्त वेळ टिकणारा चार्जर शोधावा, म्हणजे तोही सराव होईल.)

आता तोच प्रयोग लॅपटॉप जोडून आणि चालू ठेवून करा. या वेळी 'एक' म्हणायच्या आतच दिवा गेलेला असेल.

प्लग तर दोन्ही वेळा काढला. मग पहिल्या वेळी दिव्याला वीज दिली कुणी? आणि दुसऱ्या वेळी ती इतक्या झटकन संपली कशी? आम्ही पदवीने इंजिनियर आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे हातात सोल्डरिंगची इस्त्री हल्ली फारशी येत नाही. पण हा प्रश्न आमच्या जुन्या आवडीचा आहे, आणि यंदा वर्गातली तीन-चार मुले शाळेच्या सायन्स फेअरसाठी जुनी उपकरणे उघडून बघत आहेत असे कळल्यामुळे तो जरा सविस्तर लिहावासा वाटला.

त्या ठोकळ्यात वीज धरून ठेवणारा एक भाग असतो. त्याचे इंग्रजी नाव कपॅसिटर. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र किंवा संधारित्र म्हणतात. भारतातले इलेक्ट्रिशियन मात्र अजूनही जुन्या नावाने 'कंडेन्सर'च म्हणतात. आजीच्या घरचा पंखा रडतखडत फिरायला लागला की 'कंडेन्सर गेला असेल' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. (पंख्यातल्या कंडेन्सरचे काम थोडे वेगळे असते, ते इथे सोडून देऊ.) आम्हाला धारित्र हा शब्द आवडतो. ज्याने शासन करायचे ते शास्त्र, ज्यातून प्यायचे ते पात्र, तसे जे धारण करते ते धारित्र. शब्दातच त्याचे काम सांगितले आहे.

पण वीज भिंतीत अखंड असताना ती धरून ठेवायची गरजच काय? याचे उत्तर असे की भिंतीतली वीज वाटते तशी अखंड नसते. इथे अमेरिकेत ती १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची असते. म्हणजे एका सेकंदात ६० वेळा ती एका दिशेला आणि ६० वेळा उलट दिशेला वाहते. झोपाळा जसा पुढे-मागे जातो तशी. आणि झोपाळा दर फेरीत दोनदा मधल्या बिंदूवरून जातो, तशी वीज सेकंदातून १२० वेळा चक्क शून्यावर येते. त्या क्षणी भिंतीत काहीही नसते! जुन्या पिवळ्या बल्बला याचे काही वाटत नसे, कारण त्याची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही. पण रेडिओ, संगणक, फोन, टीव्ही यांच्या आतल्या चिपांना मात्र एकाच दिशेने वाहणारी, एकाच उंचीची, सपाट वीज लागते. त्यांना हे शून्य चालत नाही.

यासाठी पहिल्यांदा वीज चार डायोडांच्या चौकटीतून पाठवतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. चार झडपा अशा जोडलेल्या असतात की वीज कुठल्याही दिशेने आली तरी बाहेर पडताना एकाच दिशेने पडते. दिशेचा प्रश्न सुटला. पण उंचीचा नाही. आता टेकड्यांमागून टेकड्या येतात, आणि दोन टेकड्यांमधली दरी शून्यापर्यंत खोलच राहते.

ही दरी भरायचे काम धारित्राचे.

इथे आई-बाबांना त्यांच्या लहानपणची पाण्याची गोष्ट विचारा. पुण्या-मुंबईत, आणि लहान गावात तर नक्कीच, नळाला पाणी ठरावीक वेळी येई. सकाळी दोन तास पाणी आले की पिंप, कळश्या, गच्चीवरची टाकी, सगळे भरून ठेवायचे. नळ गेला तरी घरातल्या माणसाला दुपारी पाणी मिळते, कारण ते टाकीतून येते. आंघोळ करणाऱ्याला नळ केव्हा आला आणि केव्हा गेला याचा पत्ताही लागत नाही. धारित्र ही विजेची तशीच टाकी आहे. टेकडी आली की ती भरते. दरी आली की ती आपल्यातले देते. फरक इतकाच की इथे पाणी दिवसातून एकदा येत नाही, सेकंदाला १२० वेळा येते, आणि टाकीने फक्त ८.३ मिलिसेकंद निभावायचे असते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात धारित्र निदान दहा-बारा वेळा भरते आणि उतरते.

टाकीची उपमा अजून थोडी ताणता येते. टाकीतल्या पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज. टाकीच्या तळाचा पसारा म्हणजे धारिता. रुंद टाकीतून एक बादली काढली तर पातळी जेमतेम बोटभर उतरते, अरुंद नळकांड्यातून तीच बादली काढली तर पातळी धाडकन खाली येते. धारिता फॅरडमध्ये मोजतात. हे नाव मायकेल फॅरडे या इंग्लिश शास्त्रज्ञावरून आले. एक अँपियर करंट एक सेकंद सोडल्यावर ज्या टाकीची पातळी बरोबर एक व्होल्टने वाढते ती एक फॅरडची टाकी. ही फारच मोठी झाली. पॉवर सप्लायमधल्या टाक्या मायक्रोफॅरडमध्ये असतात, म्हणजे फॅरडच्या दहा लाखाव्या भागात.

सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांसाठी एक हिशोब करून दाखवतो. घरात एखादा जुना, काळा, जड अ‍ॅडॅप्टर असेल, ज्यात ट्रान्सफॉर्मर असतो. समजा त्याचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो. पण हा १२ चा आकडा टेकडीच्या माथ्याचा नव्हे. माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे १७ व्होल्टच्या जवळ असतो. दोन झडपा ओलांडताना सव्वा-दीड व्होल्ट जातात. टाकीत साडेपंधरा व्होल्टपर्यंत पाणी चढते. आता रेडिओ अर्धा अँपियर करंट ओढतो आहे आणि धारित्र २२०० मायक्रोफॅरडचे आहे. पुढची टेकडी येईपर्यंत पातळी किती उतरेल? करंटला वेळेने गुणा आणि धारितेने भागा: ०.५ गुणिले ०.००८३ भागिले ०.००२२. उत्तर १.९ व्होल्ट. म्हणजे पातळी साडेपंधरा आणि साडेतेराच्या मध्ये वरखाली होत राहील. शून्यापर्यंत जाणारी दरी आता नुसती लाट झाली. तिला रिपल म्हणतात. उरलेली लाट पुढचा रेग्युलेटर कापून टाकतो.

धारित्र म्हातारे होऊन सुकले की त्याची धारिता कमी होते, लाट मोठी होते, आणि रेडिओतून गाण्यामागे 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागतो. हीच ती लाट, कानाला ऐकू आलेली. इथे तिचा सूर सेकंदाला १२० कंपनांचा असतो. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिथली घरघर १०० कंपनांची. शनिवारी हार्मोनियमच्या क्लासला जाणाऱ्यांसाठी: १०० ला सा धरला तर १२० म्हणजे बरोबर कोमल गंधार. भारतातला बिघडलेला रेडिओ सा लावतो आणि अमेरिकेतला कोमल ग! विजेच्या कंपन्यांनी हे ठरवून केलेले नाही, पण आम्हाला यात फार गंमत वाटते.

आता साठवलेल्या ऊर्जेकडे वळू. टाकी भरताना पहिली बादली ओतायला काहीच कष्ट नाहीत, कारण पातळी शून्य आहे. शेवटची बादली मात्र पूर्ण उंचीपर्यंत चढवावी लागते. सरासरी धरली तर प्रत्येक बादली अर्ध्या उंचीपर्यंत चढवली. म्हणून धारित्रातली ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेज गुणिले व्होल्टेज, आणि त्याचे अर्धे. सूत्रात व्होल्टेज दोनदा येते, हे ध्यानात ठेवा. धारिता दुप्पट केली तर ऊर्जा दुप्पट होते, पण व्होल्टेज दुप्पट केले तर चौपट.

आपल्या रेडिओच्या धारित्रात या हिशोबाने किती ऊर्जा आहे? सुमारे पाव ज्यूल. एक पाव किलो वजन दहा सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. टीव्हीच्या रिमोटमधल्या साध्या सेलमध्ये काही हजार ज्यूल असतात. म्हणजे साठवण म्हणून धारित्र अगदीच दरिद्री. मग सगळीकडे सेलच का वापरत नाहीत? कारण सेल रसायनांवर चालतो. त्याला सेकंदाला १२० वेळा भरा आणि उपसा म्हटले तर तो टिकणार नाही. धारित्रात रसायन बदलत नाही, फक्त दोन पत्र्यांवर विद्युतभार जमतो आणि जातो. थोडेसे, पण झटपट, आणि कोट्यवधी वेळा. सेल म्हणजे धरण आणि धारित्र म्हणजे स्वयंपाकघरातला पाण्याचा हंडा. दोघांची कामे वेगळी.

लॅपटॉपच्या चार्जरकडे परत येऊ. तो जुन्या काळ्या ठोकळ्यासारखा जड नसतो, कारण त्याने उलटा मार्ग धरला आहे. तो भिंतीतली वीज आधी कमी करत नाही. ती तशीच झडपांमधून घेतो आणि थेट एका मोठ्या धारित्रात भरतो. १२० व्होल्टचा माथा १७० व्होल्ट, म्हणून या टाकीत १७० व्होल्ट भरलेले असतात. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ही वीज सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. तुकडे इतके लहान असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरही लहान चालतो आणि त्यापुढची धारित्रेही. पण पहिली मोठी टाकी काढून टाकता येत नाही, कारण भिंतीतली दरी अजूनही ८.३ मिलिसेकंदांचीच आहे.

समजा ही टाकी १०० मायक्रोफॅरडची आहे आणि पातळी १७० वरून ९० व्होल्टपर्यंत उतरली तरी सर्किट काम करू शकते. तेवढ्या उतारात साधारण १ ज्यूल ऊर्जा मिळते. लॅपटॉप जोडलेला असेल आणि ६५ वॅट खात असेल, तर हा १ ज्यूल १६ मिलिसेकंदांत संपतो. म्हणून दिवा 'एक' म्हणायच्या आत गेला. लॅपटॉप नसेल तर दिवा आणि सर्किट मिळून एक दशांश वॅट खातात असे धरा. मग तोच १ ज्यूल दहा सेकंद पुरतो. तुमच्या चार्जरचे आकडे थोडे वेगळे असतील, पण दोन प्रयोगांतला फरक यातून कळतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी या प्रयोगाचा दुसरा भाग आहे. तोच चार्जर घेऊन जा. त्यावर बारीक अक्षरात '१००-२४० व्होल्ट' असे लिहिले आहे ना, ते आधी बघून घ्या. तिथे २३० व्होल्ट म्हणजे माथा ३२५ व्होल्ट. त्याच टाकीत आता उंची जवळजवळ दुप्पट, म्हणून ऊर्जा जवळजवळ चौपट. ३२५ वरून ९० पर्यंतच्या उतारात १ ज्यूलच्या जागी जवळपास ५ ज्यूल मिळतात. तेव्हा आजीच्या घरी प्लग काढल्यावर दिवा इथल्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकायला हवा. आमचा हिशोब साधारण चार ते पाच पट म्हणतो. इथले सेकंद आधी वहीत लिहून घ्या आणि तिथे मोजा.

तिथे अजून एक गोष्ट दिसेल. लोडशेडिंगमुळे महाराष्ट्रात पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो, म्हणजे मोठ्या बॅटरीवर चालणारी पर्यायी वीज. लाइट गेले की इन्व्हर्टर जागा होतो, पण त्याला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ट्यूबलाइट लपकन मिचकते. आजोबांचा संगणक मात्र बहुधा चालूच राहतो. तो मधला वेळ त्याने आपल्या पॉवर सप्लायमधल्या धारित्रांवर काढलेला असतो. संगणकाचा पॉवर सप्लाय बनवताना हे मोजूनच करतात: भिंतीतली वीज गेल्यावरही त्याने १६-१७ मिलिसेकंद तगले पाहिजे, म्हणजे इथल्या विजेची एक पूर्ण फेरी चुकली तरी चालले पाहिजे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर या मिलिसेकंदांवर फार काही अवलंबून असते. मोठ्या डेटा सेंटरमधल्या अनेक एसएसडी डिस्कांमध्ये धारित्रांची एक रांग बसवलेली असते. प्रोग्रामला डिस्कने 'लिहिले बरं का' असे सांगितलेले असते, पण खरे तर ती माहिती अजून डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर? मग ही धारित्रे डिस्कला तेवढ्यापुरती वीज देतात आणि उरलेली माहिती कायमच्या जागी लिहून होते. कुणाच्या तरी बँकेतला हिशोब अशा चिमूटभर ऊर्जेने वाचलेला असतो. आम्ही लोक दिवसभर बफर, क्यू असले शब्द वापरतो. धारित्र हा त्यांचा थोरला भाऊ.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख खरे तर लिहायला घेतला तिच्याकडे येतो. पालकांनीही हा भाग वाचावा.

वर आपण म्हटले की पातळी ९० व्होल्टपर्यंत उतरली की सर्किट बंद पडते आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा विझला तेव्हा टाकीत ९० व्होल्ट शिल्लक आहेत! दिवा विझणे आणि टाकी रिकामी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्लग काढला, दिवा गेला, आता उघडायला हरकत नाही, असे वाटणे साहजिक आहे आणि तिथेच धोका आहे. चांगल्या बनावटीच्या उपकरणात धारित्राला समांतर एक रेझिस्टर लावलेला असतो. तो टाकीला मुद्दाम पाडलेल्या बारीक भोकासारखा, साठलेली वीज हळूहळू गळू देतो. पण त्यालाही वेळ लागतो, काही ठिकाणी मिनिटे लागतात. स्वस्त उपकरणात तो नसतोही. आणि असला तरी तो तुटलेला नाही हे बाहेरून कळत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने (नाव छापू नका असे त्याने सांगितले आहे) फिल्मचा, एकदा वापरून टाकायचा कॅमेरा उघडला. सेल आधी काढून ठेवला होता, म्हणून त्याला वाटले की आता आत काहीच नाही. अशा कॅमेऱ्यात फ्लॅशसाठी शंभर-दीडशे मायक्रोफॅरडचे धारित्र असते आणि ते ३०० व्होल्टच्या आसपास भरलेले असते. दीड व्होल्टच्या सेलमधून एक छोटे सर्किट ते सावकाश भरते आणि फ्लॅश उडताना ते क्षणात रिते होते. पाच-सहा ज्यूल हजाराव्या भाग सेकंदात मोकळे झाले की लख्ख उजेड पडतो. ते उजेडाच्या ऐवजी बोटातून मोकळे झाले. मुलगा ठणठणीत आहे, पण बोटावर भाजल्याचा डाग आठवडाभर होता आणि कॅमेरा हातातून उडून कपाटाखाली गेला.

यात नवल काहीच नाही. धारित्राचा शोधच अशा झटक्याने लागला. १७४५ च्या सुमारास जर्मनीत फॉन क्लाइस्टने आणि हॉलंडमधल्या लायडन गावी मुशेनब्रुकने काचेच्या बरणीत वीज साठवली, आणि ती साठली आहे हे दोघांनाही हाताला जबरदस्त झटका बसल्यावरच कळले. त्या बरणीला पुढे लायडन जार हे नाव पडले. १७४६ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूने राजासमोर १८० शिपायांना हातात हात घालून उभे केले आणि एका बरणीची वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले. राजाला मजा वाटली म्हणतात. शिपायांना काय वाटले ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा नियम असा ठेवा. भिंतीत लागणारे कोणतेही उपकरण मुलांनी एकट्याने उघडायचे नाही. चार्जर, संगणकाचा पॉवर सप्लाय, फ्लॅशचा कॅमेरा हे या कामाची माहिती असलेले मोठे माणूस शेजारी असेल तरच, आणि तेही मल्टीमीटरने धारित्रावरचे व्होल्टेज मोजून ते जवळजवळ शून्य झाले आहे याची खात्री केल्यावर. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची हौस काही बाबांना असते. ती त्यांनी मुलांसमोर करू नये, खरे तर एकट्यानेही करू नये. आणि मायक्रोवेव्ह ओव्हन कुणीही उघडायचा नाही. त्यातले धारित्र हजारो व्होल्टचे असते आणि तिथे दुसरी संधी मिळेलच असे नाही. जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीलाही हेच लागू.

धारित्राच्या अंगी अजून एक खोड आहे, ती जाता जाता सांगतो. पॉवर सप्लायमधली मोठी धारित्रे आत गुंडाळीसारखी असतात: अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये एका द्रवात भिजवलेला कागद. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि सगळी करामत त्या थराची. त्याला दिशा कळते, म्हणून डब्यावर उणे बाजूला पट्टा छापलेला असतो. उलटे जोडले किंवा लिहिलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज दिले की थर फुटतो, द्रव तापून वाफ होते आणि डबा फुगतो. डब्याच्या डोक्यावर खोबणी पाडलेल्या असतात त्या याचसाठी, फुटलाच तर वरून फुटावा म्हणून. जुन्या डेस्कटॉप संगणकांच्या मागे एक छोटा लाल स्विच असे, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. भारतात नेलेला संगणक तो स्विच न बदलता लावला तर २०० व्होल्टच्या धारित्रांवर सव्वातीनशे व्होल्ट येत. मग 'फट्' असा आवाज, धूर आणि नातेवाइकांची धावाधाव. अजून कुणाच्या बेसमेंटमध्ये असा संगणक असेल तर नेण्यापूर्वी मागची बाजू पाहून घ्या.

हे वाचून घाबरू नका. कमी व्होल्टेजच्या धारित्रांशी खेळायला काहीच हरकत नाही. एक नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, १००० मायक्रोफॅरड आणि २५ व्होल्टचे एक धारित्र, १००० ओहमचा एक रेझिस्टर आणि लाल एलईडी घ्या. पुण्यात असतो तर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणि मुंबईत असतो तर लॅमिंग्टन रोडवरून अर्ध्या तासात सगळे मिळाले असते. इथे टपालाने मागवावे लागेल. धारित्राची पट्टा नसलेली तार रेझिस्टरमधून सेलच्या अधिक टोकाला आणि पट्ट्याकडची तार उणे टोकाला लावा. पाच-सहा सेकंदांत ते भरेल. आता सेल बाजूला काढा आणि भरलेल्या धारित्राला तोच रेझिस्टर व एलईडी जोडा. एलईडीची लांब तार अधिक बाजूला. ती लख्ख लागेल आणि मग मंद होत होत विझेल. विझता विझता तिच्याकडे नीट पाहा: सुरुवातीला उजेड भरभर उतरतो आणि शेवटी रेंगाळतो, कारण पातळी उतरते तसा करंटही कमी होतो. मग तसेच दुसरे धारित्र पहिल्याला समांतर जोडून, अधिक तारा एकत्र आणि पट्ट्याकडच्या तारा एकत्र, पुन्हा मोजा.

पुढच्या रविवारी मधल्या सुट्टीत आम्ही मल्टीमीटर, चार-पाच धारित्रे आणि सेल घेऊन येणार आहोत. ज्यांनी चार्जरचे सेकंद मोजले असतील त्यांनी वही आणावी. फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहू आणि कुणाच्या घरची टाकी सर्वात मोठी ते पाहू. आकडे मराठीतच सांगायचे आहेत.